जबल जैसवरची रुपेरी गाडी

"बाबा, आम्ही जबल जैस डोंगराच्या माथ्यावर आहोत," फोनवर पर्णिका म्हणाली. "सुजीतकाकांनी मलाही सोबत आणलं. आता खाली निघतोय."

शारजाच्या रोल्ला भागातल्या घरी देवापुढे बसलेल्या भानुदासांच्या हातातली जपमाळ जागीच थांबली.

गाडी साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात घडलेली, रुपेरी, दोनच आसनांची. हेरपटांतले नायक जिला वाऱ्यासारखी पळवतात, त्या कुळातली. शारजाच्या वर्कशॉपमध्ये भानुदासांनी तिचा एकेक सुटा भाग पारखून ती पुन्हा उभी केली होती. आज एका हेरपटाच्या चित्रीकरणासाठी भागीदार सुजीत ती एकटाच डोंगरावर नेणार होता. वर्कशॉपचा परवाना सुजीतच्या नावावर, भानुदासांचा व्हिसाही त्याच्याच हाती. पुढच्या महिन्यात तो व्हिसा रद्द होणार, त्यांनी पुण्याला परतावे, असे त्याने परवा चहा पिता पिता सांगितले होते. भानुदासांनी शब्द वाढवला नव्हता. ठरल्याप्रमाणे काल सायंकाळी त्यांनी गाडी तपासूनही दिली होती.

"उतरू नका," ते म्हणाले. "जुन्या गाड्यांचे ब्रेक उतारावर तापतात. मी येतो तिकडे."

"शारजाहून? चिल, बाबा. काका लो गिअरमध्ये हळूच आणतील."

मागे इंजिन घुमले. तो धीरगंभीर नाद त्यांच्या रोजच्या परिचयाचा. आज मात्र तो ऐकताच त्यांनी माळ खाली ठेवली. वळणामागून वळणे आणि खाली आ वासलेली दरी त्यांना बसल्या जागी दिसू लागली.

"पर्णिके, तू उतर. चित्रीकरणवाल्यांच्या बसने ये. गाडी काकांना एकट्याला आणू दे."



"का? काका एकटे असले की ब्रेक तापत नाहीत?"

"वाद घालू नकोस."

"मी बेल्ट लावलाय. काका, यल्ला, चला."

"सुजीतला फोन दे."

"स्पीकरवर आहात. बोला."

भानुदासांसमोर समईची ज्योत निश्चल होती. बोलावे तर तुरुंग, न बोलावे तर एकुलती एक लेक. इंजिनाचा स्वर चढला.

"थांबा," ते कसेबसे म्हणाले. "ब्रेकची नळी कापलेली आहे. अर्धवट. चढताना टिकते, उतारावर तुटते. मीच कापली. सुजीत, हात जोडतो, माझ्या पोरीला उतरव रे."

इंजिन बंद झाले.

मग पर्णिकेचा आवाज आला, अगदी बारीक.

"आम्ही वर्कशॉपमध्येच आहोत, बाबा. नळी काकांना सकाळीच दिसली. ते पोलिसांना बोलावत होते. माझे बाबा असं करणार नाहीत, हे त्यांना पटवायला हा फोन मी लावला."