सरळ लावलेला झेनर

“हा उलटा लावलायस तू!” दोन्कोर मशीनमध्ये बोट खुपसून ओरडला. “बाकीच्या डायोडांची काळी रेघ ह्या बाजूला, ह्या एकट्याची त्या बाजूला. मला आंधळा समजतेस?”

आफ्रियीनं पक्कड खाली ठेवली. दोन्कोर तिचा आतेभाऊ. तिचे बाबा गेले आणि घानातल्या कुमासीच्या रिवाजाप्रमाणे त्यांचं दुरुस्तीचं दुकान भाच्याला, म्हणजे ह्याला मिळालं. दुकान मिळालं, बाबांचा हात काही मिळाला नाही. म्हणून तर त्यांच्या वर्षदिनाच्या सभेसाठी लाउडस्पीकरचं मशीन घेऊन त्याला तिच्या टपरीवर यावं लागलं होतं. उद्या सगळ्या कुळासमोर माइकवरून तो सांगणार होता, की घरही मामाचंच, मामीनं ते खाली करावं. हे त्यानं आल्याआल्याच सुनावलं होतं.

मशीन बिघडवून ठेवायचं तिच्या शंभरदा मनात आलं. पण बाबांच्या नावाच्या कामात खोट नको, म्हणून दातओठ खात तिनं चोख काम केलं होतं. आवाज खणखणीत येत होता.

“तो झेनर आहे, दादा. उलटाच बसतो. लाइट उसळली, की बारा व्होल्टच्या वरचं सगळं तो जमिनीत सोडून देतो. पुढे बाराच जातात. सरळ लावला तर—”

“मला शिकवू नकोस! उद्या भर सभेत धूर काढायचा डाव आहे तुझा. सरळ कर. माझ्या डोळ्यांदेखत!”

त्यानं तिला लुबाडलं होतं. आता तिच्या खरेपणातही त्याला सूडच दिसत होता.

तेवढ्यात लाइट गेली. म्हणजे मशीन लावून बघायचा प्रश्नच मिटला. आफ्रियीनं पुढचं वाक्य गिळून टाकलं. सरळ लावलेला झेनर बाराची वाट बघत नाही. एक व्होल्ट भरायच्या आतच सगळं जमिनीत ओततो, माइकच्या वाट्याला काही उरत नाही.

“तू म्हणशील तसं, दादा,” ती गोड आवाजात म्हणाली आणि डाग द्यायची सळई कोळशाच्या शेगडीत खुपसली. इतक्या आनंदानं तिनं आयुष्यात कुठलं काम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मांडव शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांनी भरून गेला. दोन्कोरनं माइक धरला. मशीनवरचा दिवा लागला होता, त्याचे ओठ हलत होते, आणि तिसऱ्या रांगेच्या पलीकडे कोणाला काही कळत नव्हतं. “अरे, जेवला नाहीस का?” मागून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. त्यानं माइकवर टिचक्या मारल्या, फुंकर घातली, घाम पुसला. आफ्रियी डोळे भरून बघत राहिली. तिच्या काळजात कसं गार गार वाटलं.

मग बायकांच्या शेवटच्या रांगेतून तिची आई उठली. लॉरी स्टँडवर भाजकी केळी विकून कमावलेला गळा तो, मांडवाच्या दोन्ही टोकांना पोचला.

“दुकानाचं पहिलं सामान माझी ठेवणीतली कापडं विकून आलं. घराच्या विटासुद्धा. ती कापडं घेणाऱ्या बायका इथंच बसल्यात. विचारा त्यांना!”

दोन म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. कुळाच्या वडीलधाऱ्यांनी आईकडे माना वळवल्या.

आफ्रियीला फक्त दोन्कोरचं तोंड बंद करायचं होतं. वर्षभर मिटलेलं आईचं तोंड उघडेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.