परत फळीवर

कॉफीची बाटली फळीवर परत ठेवताना शेठाणीचा धक्का लागून शेजारच्या बाटल्या खणखणल्या. तिनं दचकून मागं पाहिलं. कोणी नव्हतं. पर्समध्ये अजून साबणाच्या वड्या उरल्या होत्या.

साबण कुठं ठेवतात, हेच तिला कळेना. तिचा उभा जन्म घरच्या किराणा दुकानात गेलेला. तिथं डोळे मिटून तिनं कुठलाही डबा काढून दिला असता. गावाबाहेरच्या या दुकानात मात्र एकेक रांग रस्त्याएवढी लांब.

हे दुकान उघडलं आणि चौकातली दुकानं एकामागून एक बसली. शेठनी व्यापाऱ्यांच्या सभेत टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतं, "उपाशी मरेन, पण त्यांच्या गल्ल्यात माझा एक पैसा पडणार नाही!" केवढ्या टाळ्या पडल्या होत्या! पुढं टाळ्या वाजवणाऱ्यांनी शटरं ओढली, आणि गेल्या हिवाळ्यात शेठनीही.

मग घरात वस्तू येऊ लागल्या. ना पिशवी, ना पावती. शेठ पोटाशी हात धरून घरात शिरायचे आणि सदऱ्याखालून कधी कॉफी काढायचे, कधी साबण. वेष्टनावर या दुकानाचा लाल शिक्का.

"कुठून आणलंत?" तिनं एकदा विचारलंच.

"आणलं कुठून तरी."

"तिथूनच ना? मग पैसे?"

"पैसे? त्यांना?" शेठ तडकले. "मी देईन?"

"म्हणजे... उचलता?"

शेठनी उठून खिडकी लावून घेतली. मग मान खाली घालून म्हणाले, "हो. उचलतो. चारचौघांत बोलू नकोस म्हणजे झालं."

तराजूत कधी चिमूटभर कमी न टाकणारा माणूस म्हातारपणी चोर निघाला. तिला घास गोड लागेना. शेजारणीशी बोलतानाही नजर वर होईना. उघडलेल्या वस्तूंचं काही करता येण्यासारखं नव्हतं. न उघडलेल्या तरी गुपचूप परत ठेवाव्यात, म्हणून ती आली होती.

साबणाची रांग एकदाची सापडली. तिनं पर्समध्ये हात घातला, तोच मागून आवाज आला, "बाई, काय टाकलंत आत?"

पहारेकरी होता.

"टाकलं नाही हो. काढतेय."

"सगळे असंच म्हणतात." त्यानं वड्या बाहेर काढल्या. "पावती?"

पावती कुठली असणार? चार माणसं थबकली. त्यांत चौकातली शिंपीण होती. शेठांचं दुकान होतं तेव्हा रोज सकाळी पायरीवर गप्पा मारत बसणारी. "वहिनी, तुम्ही?" असं ती बोलून गेली, आणि मग सामानानं भरलेली आपली ढकलगाडी अंगाआड करत निमूटपणे दुसऱ्या रांगेत वळली. शेठाणीला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

आतल्या खोलीत मॅनेजर बसली होती. लेकीच्या वयाची. "बसा मावशी. आधी पाणी प्या."

"मला धरा," शेठाणी म्हणाली. "हवं तर पोलिसांना बोलवा. पण त्यांच्या वाटेला जाऊ नका."

"त्यांच्या म्हणजे कोणाच्या?"

त्या एका प्रश्नासरशी बांध फुटला. शेठाणीनं सगळं सांगितलं. दुकान, सभा, सदऱ्याखालची कॉफी. "काल दुपारी याच वड्या आणल्या त्यांनी. माणूस वाईट नाही हो. दुकान गेलं तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही."

मॅनेजर कॅमेऱ्याच्या पडद्याकडे वळली. तिनं काल दुपारचं चित्रण लावलं, पुढं सरकवलं, थांबवलं. "हेच का?"

शेठाणीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि बोटांच्या फटीतून बघत मान हलवली. तेच.

मॅनेजरनं चित्रण सुरू केलं. हातात साबण घेऊन शेठ काउंटरच्या रांगेत उभे होते. पाळी आल्यावर त्यांनी खिशातून नोट काढून दिली, सुटे परत घेतले, पुढं आलेली पिशवी हातानंच नको म्हटली. मग दाराजवळच्या कोपऱ्यात जाऊन त्यांनी पावतीचे बारीक बारीक तुकडे केले, कोणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री केली, आणि साबण सदऱ्याखाली लपवला.