बांधीतली नाली

गोदावरीबाईनं आपल्या सगळ्यात चांगल्या बांधीत, खाचरातल्या निसवायला आलेल्या धानात, पहिली कुदळ घातली तेव्हा बांधावर उभ्या असलेल्या लोकांचं हसू मावळलं. तोवर ती नुसती तोंड चालवत होती, म्हणून सगळ्यांना हसू येत होतं.

थोड्या वेळात गावतलावाचं पाणी सुटणार होतं. ते पाटानं यायचं, आधी तिच्या बोडीत, शेतातल्या छोट्या तळ्यात पडायचं, आणि बोडी भरली की तिच्या बांध्यांतून खाली जागेश्वरच्या शेतात उतरायचं. दिघोरीत पाणी असंच एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात जातं. ते अडवायची कुणाची छाती नाही. गोदावरीबाईनं मात्र सकाळीच पळसाच्या फांद्या आणि चिखल घालून बोडीचं तोंड बुजवून टाकलं होतं.

"वयनी, डोस्कं फिरलं का तुमचं?" वासुदेवराव पुढे झाले. ते गावचे सरपंच आणि नात्यानं तिचे धाकटे दीर. तलावात विलायती मासे त्यांनीच सोडले होते, आणीबाणी उठली त्या साली, हार-नारळासकट. "खालच्यांचा धान करपून राहिला, न् तुम्ही पानी अडवून राहिल्या!"

"पानी कोन अडवते? पानी जाईल. बोडीत नाई जानार."

"काहून?"

गोदावरीबाईनं पुढचा घाव घातला. काहून ते बांधावरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. त्या नव्या माशांच्या अंगात दोऱ्यासारखे किडे रुतून लोंबत असायचे. ते मासे किडे अंगावर घेऊन खुशाल पोहायचे, वाढायचे. गावची मरळ मात्र अंगभर लाल चट्टे घेऊन काठाला लागायची आणि मरायची. आता तलावात जाळं टाकलं तर एक मरळ येत नव्हती. उरली होती ती या एवढ्याशा बोडीत, आणि तलावाचं पाणी आत आलं की त्याबरोबर ते किडेही येणार होते.

"दवाई येऊन राहिली साकोलीवरून," वासुदेवराव म्हणाले.

"येऊ द्या. तवपर्यंत माही बोडी बंद."

बोडीला वळसा घालून पाणी न्यायचं तर वाट एकच होती, या बांधीच्या पोटातून. गुडघाभर खोल नाली पडली की बांधीतलं पाणीही तिच्यातूनच वाहून जाणार आणि धान उभ्याउभ्या वाळणार. घराचं वर्षाचं खाणं त्या बांधीवर होतं. हे तिला कळत नव्हतं असं थोडंच! प्रत्येक घावाला तिचा जीव कळवळत होता, आणि त्याच रागानं पुढचा घाव आणखी खोल जात होता.

जागेश्वर सकाळपासून सगळ्यांत जास्त ओरडत होता. आपलं पाणी कशातून येणार हे डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचा आवाज उतरला.

"काकू, राहू द्या," तो म्हणाला. "पान्याचं पाहू काही."

"तुह्या धानानं काय पाप केलं? सरक तिकडं."

इतक्यात तलावाकडून हाळी आली. पाटात गढूळ पाणी दिसू लागलं. गोदावरीबाईनं शेवटची ढेकळं हातांनीच उपसली. पाणी बोडीच्या बंद तोंडाशी येऊन थबकलं, एकदा गोल फिरलं आणि नालीत वळलं. उपटलेले धानाचे ठोंब त्याच्याबरोबर वाहत निघाले.

"येवढा सोन्यासारखा धान," वासुदेवरावांना राहवेना. "चार मरळींसाठी? लोक हसतील, वयनी."

गोदावरीबाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाली. चिखलानं तिचं तोंडसुद्धा माखलं होतं.

"हसू द्या. धानाचं बियानं घरी माह्या ढोलीत भरून हाय. नसलं त शेजारी मांगीन, पुढच्या साली पेरीन," ती म्हणाली. "मरळीचं बियानं कोनाच्या दारी मांगू, भाऊजी?"