रोजा सुटेपर्यंत

भावाच्या सुटकेचा हुकूम दुपारीच आला होता, पण नाईलकाठच्या आमच्या चौकीत कारकून हाजी शौकी शिक्का मारेनात. “लाच किती हवी ते सांगून टाका!” मी वैतागून म्हटलं. त्यांनी कानांवर हात ठेवले. “तोबा, तोबा! रमजानात असला शब्द? त्या शब्दानं रोजा बाटतो, बाई. ‘पोरांच्या खाऊला’ म्हण. आणि सूर्य बुडून इफ्तारची तोफ उडाल्यावर दे. उपाशीपोटी असल्या पैशाला शिवत नाही.” आत कोठडीत भाऊ खोकत होता. मी खिडकीतून मावळतीकडे बघत येरझारा घालत राहिले. मुठीतल्या नोटा घामानं भिजल्या. एकदाची तोफ उडाली. हाजींनी खजूर खाल्ला, बिस्मिल्ला म्हणत नोटा खिशात घातल्या, शिक्का हाणला. भाऊ बाहेर आला. हाजींनी पुढे केलेला खजूर न घेता मी विचारलं, “काका, रोजा सुटला ना? म्हणू का आता तो शब्द?”