बंद पडलं म्हणून

शिलाईच्या ओव्हरलॉक मशीनसाठी दुसरा प्लग मोकळा नव्हता. म्हणून तिनं कपाटामागच्या काळ्या खोक्याची वायर उपटली आणि तिथं मशीन लावली. संध्याकाळपर्यंत दवाखान्याचे बारा कोट द्यायचे होते. खोक्याचा बारीक हिरवा दिवा विझला. घरात त्यानं काही अडलं नाही. पंखा फिरत होता, फ्रीज गुरगुरत होता.

पाऊण तासानं बेल वाजली. दारात मोठे दीर. लिफ्ट दुरुस्तीचा गणवेश अंगावर, हात ग्रीसनं काळे, छातीचा भाता झालेला. चार वर्षांत त्यांनी या घरात पाऊल टाकलं नव्हतं. का, ते दोघंही भाऊ धड सांगत नसत.

"तो बरा आहे ना?"

"कोण?"

"अगं, कोण काय! तुझा नवरा."

"कामावर गेलेत. का हो भाऊजी?"

"बोलणं झालंय तुझं? आत्ता?"

"सकाळी निघताना झालं. काय झालं, सांगा ना."

"बंद पडलंय."

"काय, पंपहाऊस?" नवरा जवळच्याच पाणीपुरवठ्याच्या पंपांवर कामाला होता.

"पंपहाऊस नाही गं. इथलं. सगळंच बंद पडलंय."

तिनं मागं वळून पाहिलं. पंखा फिरत होता. तिनं फोन लावला. पलीकडे पंपांची घरघर ऐकू आली, आणि मग नवऱ्याचा नेहमीचा आवाज.

"बोल."

"भाऊजी आलेत."

"कुठले भाऊजी?"

"तुमचे दादा! म्हणतात, सगळं बंद पडलंय."

"बसव त्याला. जाऊ देऊ नकोस," आणि फोन कट.

ती वळली तर दीर आतल्या खोलीत, कपाटामागं वाकलेले.

"ही वायर कुणी काढली?"

"मी. मशीनला प्लग नव्हता."

ते मटकन शिलाईच्या स्टुलावरच बसले. हसले की काय, तिला कळलं नाही. आवाज तसाच काहीसा होता.

"एवढं काय आहे त्या खोक्यात?"

"खेळ."

"खेळ?"

"गेमचा सर्व्हर आहे तो. रात्रंदिवस चालू असतो. तुला सांगितलं नाही त्यानं?"

सांगितलं होतं की. 'हे काय करतं?' असं तिनं एकदा विचारलं, तेव्हा नवरा म्हणाला होता, 'काही नाही, मागे चालू असतं.' मागे म्हणजे कुठं, म्हणून ती कपाटामागं जाऊनही बघून आली होती. मग दर रविवारी त्याच्यावर फडकं मारायचं, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध उरला.

"आणि तुम्ही दोघं त्यात बोलता?"

"छे!"

"मग करता काय?"

"मी जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवरून जातो. थोडं बांधतो. तो पहाटे येऊन थोडं बांधतो. गाठ पडत नाही." त्यांनी हात पँटला पुसले. "वीज गेली तरी ते परत आपोआप उठतं. तशी सोयच करून ठेवलीय त्यानं. आज उठेना. मला वाटलं…"

"मग फोन करायचा ना, भाऊजी."

"फोन कसा करणार?" त्यांनी असं विचारलं, जणू तीच काहीतरी वेड्यासारखं बोलली होती.

दोन बस बदलून, कुणाची तरी लिफ्ट अर्धवट उघडी टाकून माणूस धावत येऊ शकतो. फोन करू शकत नाही. हे तिच्या डोक्यात शिरेना. तिनं मुकाट्यानं मशीनची वायर काढली, खोक्याची लावली. हिरवा दिवा लागला. दीर पुढं झाले आणि तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा त्यांनी खोक्यावर हात ठेवला.

"उठतंय," ते म्हणाले. "बरंय. येतो मग."

"जाऊ देऊ नकोस म्हणालेत," ती दार अडवून म्हणाली. तेवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि नवराच दारात आला. हेल्मेटसुद्धा डोक्यावर तसंच.

दोघं भाऊ एकमेकांकडे न बघता उभे राहिले.

"दादा."

"हं. वायर निघाली होती."

"हो का."

"हिनं मशीन लावलेली."

"लावेना का."

नवरा भिंतीकडे बघत म्हणाला, "छपराचे पत्रे काढले मी. कौलं घातली."

"पाहिलं. उतार कमी झालाय."

"बरोबर आहे उतार."

"कमी आहे. मी मोजलाय."

"तू? तुला माप घेता येतं कधी?"

"तुझ्यापेक्षा बरं येतं!"

आवाज चढले. चार वर्षांनी माणूस दारात आला, आणि पाच मिनिटांत हे! तिला हसावं की रडावं कळेना.

"थांबा, थांबा!" ती मध्ये पडली. "कुठलं छप्पर? कुणाचं घर?"

"तिथलं," दोघं एकदम खोक्याकडे बोट करत म्हणाले.

"आणि तिथं राहतं कोण?"

नवऱ्यानं हेल्मेट काढलं, हातात फिरवत राहिला.

"सध्या कुणी नाही," तो म्हणाला. "पण खोल्या दोन काढल्यात."

"तीन," दीर म्हणाले. "तिसरी मी बांधली. तू परवापासून आला नाहीस पहाटे."