घरी जायचा हक्क

रेक्टर सुलाबाईंनी ललिताच्या वडिलांना दुसऱ्यांदा वसतिगृहाच्या फाटकावरून परत पाठवलं, तेव्हा शुभांगीचं डोकं सटकलं.

काळूबाबा पार पेठच्या डोंगरातून आले होते. घरी चंदरचं, म्हणजे ललिताच्या मोठ्या भावाचं लग्न. बाप स्वतः लेकीला न्यायला येतो आणि बाई म्हणतात, चाचणी परीक्षा होईपर्यंत सुट्टी नाही. बरं, हा नियम सगळ्यांना असता तर गोष्ट वेगळी. शुभांगी स्वतः दर शनिवारी सिन्नरची एसटी धरायची आणि आईच्या हातचं खाऊन यायची. दिंडोरीची रूपाली तर मावसबहिणीच्या डोहाळजेवणाला म्हणून गेली ती चांगली आठवडाभर राहून आली. तेव्हा परीक्षा कुठे गेली होती?

शुभांगी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. साल अठ्ठ्याण्णव. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याला पन्नास वर्षं होणार म्हणून नाशकातल्या कॉलेजांत भाषणांना नुसता ऊत आला होता. त्यातल्या एका वक्तृत्व स्पर्धेत तिने पहिला नंबर काढला होता. कलमं तिला आरतीसारखी पाठ. आणि आपल्याच खोलीतल्या पोरीला, केवळ ती डोंगरातली म्हणून, असं वागवतात? ही गोष्ट तिला खरोखर लागली.

ललिता मात्र एरवीही कमीच बोलायची. आपण लढायचं, असं शुभांगीने जाहीर केलं तेव्हा ती चादरीची घडी घालत होती.

"राहू दे ना ताई," ती म्हणाली. "उगाच बाईंना त्रास."

आता बोला! जिने कोंडून ठेवलं, तिचीच काळजी. शुभांगीला राज्यशास्त्राच्या सरांचं वर्गातलं बोलणं आठवलं. ज्याचा हक्क मारला जातो, त्याला आपल्याला हक्क आहे हेच मुळात ठाऊक नसतं, असं सर म्हणाले होते. तिने ललिताच्या खांद्यावर हात ठेवला आणि तू कशाचीही काळजी करू नकोस, आम्ही आहोत, असं सांगितलं.

मग काय, मेसवर बहिष्कार पडला. कोपऱ्यावरची मिसळ बहिष्कारात मोडत नाही, एवढी सवलत रूपालीने आधीच मागून घेतली होती. मिसळ खाऊन अंगात बळ आल्यावर पोरींनी सुलाबाईंना तोंडावर सुनावलं. आदिवासी मुलगी म्हणजे काय गोठ्यातली गाय वाटली का तुम्हाला, असंही कोणीतरी म्हणालं. सुलाबाई म्हणजे एरवी तोफ. एक नळ उघडा राहिला तर सगळा मजला फैलावर घेणारी बाई. पण त्या दिवशी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं. परीक्षा झाली की मी स्वतः तिला घरी पोचवीन, इतकंच म्हणाल्या. चोराच्या मनात चांदणं, असं पोरींनी ठरवून टाकलं.

शेवटी प्राचार्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. काळूबाबाही आले होते. टोपी हातात घेऊन बिचारे दाराशीच उभे राहिले. शुभांगीने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि मग ती बोलली. सज्ञान माणसाला हवं तिथे जायचा हक्क आहे. जन्मावरून भेदभाव करता येत नाही. आणि घरच्या मंगल कार्याला लेकीला मुकवायचं, हे कुठल्या नियमात बसतं ते बाईंनीच सांगावं. कुठे अडखळली नाही की आवाज चढवला नाही. स्पर्धेत बोलली होती त्याहून चांगली बोलली.

प्राचार्यांनी सुलाबाईंना विचारलं, मुलीला न सोडण्याचं काही खास कारण आहे का.

बाईंनी ललिताकडे पाहिलं. ललिता बापाच्या पायांकडे बघत होती.

"सांगण्यासारखं काही नाही सर," बाई म्हणाल्या.

सुट्टी तिथल्या तिथे मंजूर झाली.

फाटकाशी जीप उभीच होती. पोरींनी टाळ्या वाजवल्या. करवली कशी उठून दिसली पाहिजे, म्हणत रूपालीने आपली जरीची साडी ललिताच्या पिशवीत कोंबली. शुभांगीचे डोळे भरून आले. आजवर बोलून तिला ढाली आणि प्रशस्तिपत्रकंच मिळाली होती. आज पहिल्यांदा बोलण्याने कोणाचं तरी भलं झालं होतं, आणि त्याचा आनंद काही औरच होता.

ललिता सुलाबाईंच्या पाया पडायला वाकली ती लवकर उठेचना. बाईंनीच तिला उठवलं, जवळ घेतलं.

"बघ, आता कसा पान्हा फुटला," रूपाली कुजबुजली.

शुभांगीने तिला गप्प केलं. एवढं सोसूनही ललिताच्या मनात राग नाही, याचं तिला कौतुक वाटलं. ललिता जीपमध्ये मागच्या बाजूला जाऊन बसली.

काळूबाबा शुभांगीपुढे येऊन हात जोडून उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"पोरी, तुझं लय उपकार झालं. ही आली नसती, तं चंदरचं लगीन मोडलंच व्हतं."

"उपकार कसले बाबा? बहिणीशिवाय कुठे भावाचं लग्न होतं का?"

"तेच तं," काळूबाबा म्हणाले. "साटंलोटं हाय ना. त्यांची पोर आमच्या चंदरला, आन् ही त्यांच्या पोराला. उद्या सकाळीच हळद लागायची हिला."