हो कुणी म्हणायचं

शेलूबाजारच्या उदयसिंगाने सगळी अक्कल मिशीत साठवली होती. बायकोच्या, हिरीबाईच्या, गर्भपिशवीचं ऑपरेशन होतं. वाशिमच्या दवाखान्यात रुचिका सिस्टरने समजावून सांगणारा व्हिडिओ लावून टॅब हिरीबाईच्या हातात दिला, तर यानं तो हिसकावलाच.

"तिले काय समजते? मी पाह्यतो."

"दादा, त्या घाबरल्यात. त्यांना काही विचारायचं असेल."

"कायले इचारते? हो मीच म्हनतो!"

व्हिडिओतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ज्यांचं ऑपरेशन आहे, त्यांनीच सांगावं. तयार आहात?"

"हाव."

बाईंनी पुन्हा तेच विचारलं.

"बहिरी हाय का? तयार हाय म्हनलं ना मी!"

व्हिडिओला काय कळतं, म्हणाल तुम्ही. पण बाईंनी त्याच्या मिशीकडे बघून मान हलवली, पेनाचं टोपण काढलं आणि मागे टांगलेल्या चित्रातल्या पोटावर निळी रेघ ओढली.

उदयसिंगाला पोटावर गार लागलं. त्याने सदरा वर केला. बेंबीखाली निळी रेघ होती, अजून ओली.

"अहो, नाई म्हना ना!" हिरीबाई किंचाळली.

"नाई! मी नाई म्हनतो!"

"तुम्हाला काय समजतं?" असं म्हणून बाईंनी हातमोजे चढवले.